नवव्या मजल्यावरचा हात

मी आयुष्यभर इमारती रंगवल्या असं सांगितलं की लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात. परांचीवर चढून चढून गुडघे गेले असतील असं त्यांना वाटतं. मग मला खुलासा करावा लागतो, की मी रंगवलेली सगळ्यात उंच इमारत माझ्या छातीपर्यंत येते आणि तिच्यात कुणी राहत नाही.

हिंजवडी, माण, चांदे, नांदे या पट्ट्यात जेवढे टॉवर उभे राहिले, त्यांतले कितीतरी आधी आमच्या चांद्याच्या शेडमध्ये उभे राहिले. बिल्डरच्या ऑफिसात शिरलं की मधोमध अख्खी सोसायटी मांडलेली असते ना, छोटे दिवे, छोटी झाडं, नाकडोळे नसलेली छोटी माणसं, ते आमचं काम. त्याला मॉडेल म्हणायचं. मी मूळचा माणचा. ज्या वावरात आम्ही भात लावला, त्याच वावरावरचे टॉवर मी प्लास्टिकचे रंगवले. आणि मॉडेलमध्ये माण गाव कधीच नसतं बरं का. गावाच्या जागी सपाट हिरवा रंग मारायचा, असं नकाशावरच लिहून यायचं. माझ्याच घरावर मी तो हिरवा किती वेळा फिरवला असेन. पहिल्या वेळी घर नेमकं कुठे येतं ते बोटाने मोजून बघितलं होतं, मग सवय झाली.

आता धंद्यातली थोडी माहिती देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्लास्टिक हा मुळात निसरडा माल. लाकूड रंग पितं, भिंत रंग पिते, प्लास्टिक काही पीत नाही. रंग त्याच्यावर नुसता बसतो, आणि बसायलाही त्याला स्वच्छ, कोरडी, जराशी खरबरीत जागा लागते. साच्यातून निघालेल्या भागांवर आधीच एक बुळबुळीत थर असतो, माल साच्याला चिकटू नये म्हणून मारलेला. वर माणसाच्या हाताचं तेल. त्याच्यावर रंग मारलात तर त्या दिवशी झकास दिसेल. आठ दिवसांनी, नाहीतर आठ महिन्यांनी, बरोबर तेवढीच जागा रंग सोडून देईल. बोट लागलं असेल तर बोटाच्या आकाराने सोडेल.

म्हणून आधी कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश. धुतल्यावर वरून पाणी ओतायचं आणि बघत राहायचं. पाणी सगळीकडे सारखं पसरून बसलं तर जागा स्वच्छ. आखडून थेंब थेंब झालं, तर तिथे तेल आहे. त्याला आम्ही ‘पाणी पळतंय’ म्हणायचो. मग पट्टी, म्हणजे टॉवरची एका बाजूची अख्खी भिंत, टेबलावर आडवी ठेवायची, एका हाताच्या तळव्याने दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. धरायच्या हातात मोजा पाहिजे. मग अस्तर, मग रंग, पातळ पातळ. शेवटी परीक्षा. चिकटपट्टीचा तुकडा दाबून लावायचा, झटक्यात ओढायचा आणि उजेडाला धरायचा. कोरा निघाला तर पास.

एवढंच असतं हो. पण एवढं शिकवताना माझी जीभ झिजली. एकदा हिंजवडीच्या कंपनीतला एक मुलगा स्वतः जोडलेलं खेळण्यातलं विमान घेऊन आला. तीनदा रंगवलं, तीनदा निघालं, म्हणे रंगच भेसळीचा. मी त्याला भांड्यांचा साबण सांगितला. इतका शिकलेला माणूस, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आला. आणि एक नांद्याचे म्हातारे यायचे, जमीन विकलेले. आमची विहीर घाल की रं ह्यात, म्हणायचे. त्यांच्या विहिरीवर क्लबहाऊस येणार होतं. मी क्लबहाऊसच्या फरशीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मोहरीएवढा निळा ठिपका दिला आणि वर फरशी चिकटवली. म्हातारे समाधानाने गेले. ते मॉडेल अजून आहे, ठिपकाही असेल. रंग पक्का होता.

आता दत्तूचं सांगतो.

दत्तू चांद्याचाच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. डावखुरा होता. एकाच टेबलाशी आम्ही समोरासमोर उभे राहायचो आणि त्याचं सगळं माझ्या उलटं चालायचं. मी डाव्या हाताने पट्टी दाबून धरायचो नि उजव्याने घासायचो. तो उजव्याने धरायचा नि डाव्याने घासायचा. आरशासमोर उभं राहून काम केल्यासारखं वाटायचं. मोजे तो घालायचा, कारण मी घालायला लावायचो. मी स्वतः घालत नव्हतो. मोज्यातून प्लास्टिकचा अंदाज येत नाही असं माझं म्हणणं होतं, आणि माझे हात इतक्या वर्षांत कोरडे ठक्क पडलेत, त्यांना कुठलं आलंय तेल, असंही. उस्तादाला कोण विचारतो?

शेड ज्या वावरात होती त्या बांधावर म्हसोबाचा दगड होता. मालकांनी, त्यांना आम्ही सर म्हणायचो, शेड बांधताना तो हलवला नाही, कोपऱ्यात तसाच आत घेतला. सर पुण्याचे, पण गड्यांचं मन मोडायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. दर अमावस्येला सकाळी देवाला तेल-शेंदूर लावायचं काम माझं. डाव्या हातात तेलाची वाटी धरायची, उजव्या हाताने शेंदूर चढवायचा, नारळ फोडायचा, उजवा हात साबणाने चांगला खसाखसा धुवायचा आणि कामाला लागायचं. कधी चुकवलं नाही.

एका वर्षी मॉडेलमध्ये आतून तापणारे दिवे बसवायला लागलो आणि पुढे माल परत यायला लागला. रंग सुटलेल्या पट्ट्या. कुठे दोन बोटं, कुठे तळव्याचा कडेचा भाग. सगळ्या नाही, मधूनच एखादी. सर वैतागले, मी त्यांच्याहून जास्त. दत्तूने मात्र पट्ट्यांच्या तारखा बघितल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “दादा, आवसंचं काम सुटतंया बघा. बाकी दिसाचं न्हाई सुटत.”

मी त्याला झापला. म्हटलं, अवस कामाला येते का हातमोजे न घालता? पण ती गोष्ट शेडमध्ये फिरली आणि अमावस्येच्या दिवशी गडी रंगखोलीत जायला कुरकुर करायला लागले. देवाचा कोप झालाय, आत घेतलेला देव कोंडलाय, असं काय काय बोलायला लागले. मला त्या बोलण्याचा राग यायचा. आता वाटतं, त्या अडाणी बोलण्यात तारीख तरी बरोबर होती. माझ्या शहाणपणात तीही नव्हती.

एक दिवस सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हात कुणाचा लागतोय? मी नुसतं दत्तूकडे बघितलं. तेवढं पुरलं.

जायच्या दिवशी दत्तूने नळावर हात धुतले, एक धुतलेली कोरी पट्टी उजव्या तळव्याने दाबली आणि वर मगभर पाणी ओतलं. पाणी सारखं पसरलं. “बघा दादा,” म्हणाला, “पळतंय का?”

मी म्हणालो, आज धुतलेस म्हणून. त्याने हातातला मग जागेवर ठेवला आणि गेला. पुढे तो कंपनीच्या कॅबवर लागला आणि दोन महिन्यांच्या आत भर दुपारी डंपरखाली आला.

मी दहाव्याला गेलो होतो. त्याला जिथे ठेवलं होतं तिथे आमच्याकडे पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात काय उमटलंय. पाखराचा पाय, मुंगीची वाट, काहीतरी असतंच. गेलेला माणूस कुठल्या रूपाने गेला ते त्यावरून ठरवतात. दत्तूच्या पिठात काहीच नव्हतं. सपाट. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्याची बायको सुमन, मी तिला वहिनी म्हणतो, ती त्या पिठापुढे कितीतरी वेळ बसून होती. येईल-जाईल त्याला विचारत होती, असं कुटं असतं का, काय बी न्हाई? त्यात भर म्हणजे भावकीत कुणीतरी बोलून गेलं, की हाताला गुण नव्हता म्हणून काम गेलं, नि काम गेलं म्हणून माणूस गेला. मी ते ऐकलं. चपला शोधून निघालो.

वहिनीला पुढे माणच्या एका बिल्डरच्या ऑफिसात साफसफाईचं काम लागलं. तिथे आमचंच मॉडेल होतं, दत्तू असतानाचं शेवटचं. दोन टॉवर. मागचा अख्खा दत्तूने केलेला, पुढचा आम्ही दोघांनी मिळून. रोज सकाळी वहिनी त्याच्यावरची धूळ मऊ ब्रशने झटकायची.

आठ महिन्यांनी त्या ऑफिसातल्या रिसेप्शनच्या मुलीचा मला फोन आला. उत्तरेकडची मुलगी, घाबरलेली वाटली. “अंकल, बिल्डिंग पे किसी का हाथ आ रहा है.”

दिसतोय म्हणाली नाही, येतोय म्हणाली. मी गेलो. पडदे ओढलेले, एसीने खोली गारठलेली, आणि टॉवरच्या खिडक्यांतून पिवळे दिवे लागलेले. पुढच्या टॉवरच्या नवव्या मजल्यापाशी रंग उचलला होता, नखाएवढ्या रुंदीचा, वर वर गेलेला. शेजारी दुसरा तसाच. मुलगी म्हणाली, परवा एक बोट होतं, आज दोन आहेत. शिपाई त्या खोलीत एकटा थांबत नव्हता.

मला कारण माहीत होतं. आतल्या दिव्यांनी पट्टी तापते, एसीने गार होते, रंग ताणला जातो आणि खाली तेल असेल तिथे सोडतो. मी सुटा रंग काढला, घासलं, नवा मारला. पंधरा दिवसांत तीन बोटं आली. मग चौथं, मग अंगठा, मग तळवा. पाचव्या मजल्यापासून बाराव्यापर्यंत पसरलेला अख्खा पंजा. खालच्या बागेत ती बिनचेहऱ्याची माणसं उभी आणि त्यांच्या डोक्यावर हा हात. तेलाचं गणित मला कळत होतं, पण त्या खोलीत मी टॉवरकडे पाठ करून उभा राहत नव्हतो. मनात म्हटलं, दत्तू, आता बस कर.

सरांनी सांगितलं, अख्खी पट्टीच बदला, दसऱ्याला बिल्डरचा कार्यक्रम आहे. नवी पट्टी घेऊन मी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी गेलो. वहिनी तिथेच होती. जुनी पट्टी मी सोडवून टेबलावर ठेवली. ती पुढे आली.

“भावजी, हे टाकू नगा. मला द्या.”

मी म्हटलं, काय करणार याचं?

“पिठात कायच न्हाई उमटलं. हितं उमटलं. रोज एक एक बोट यायचं, मी बघत व्हते. कुनाला बोलले न्हाई.” तिने पंज्यावर स्वतःचा हात ठेवला, अगदी हळू. “डावा हाय बघा. ते डावखुरे व्हते. दुसऱ्या कुनाचा असंल?”

मी म्हटलं, घेऊन जा. देव्हाऱ्याशेजारी फोटोजवळ ठेवीन, रोज हळदकुंकू वाहीन, असं म्हणत ती पट्टी गुंडाळायला धुतलेलं फडकं आणायला आत गेली.

आणि मी पंज्याकडे नीट बघितलं. डावा हात. डावखुरा माणूस घासतो डाव्या हाताने. पट्टी दाबून धरतो तो उजव्याने. दत्तूचा ठसा उमटला असता तर उजव्या हाताचा उमटला असता. त्या टेबलावर डाव्या हाताने धरणारा एकच माणूस होता.

मी माझा डावा हात त्या पंज्यावर ठेवला. बसला. करंगळीच्या वाकासकट बसला. मी हात झटकन मागे घेतला.

वहिनी फडकं घेऊन आली तेव्हा मी थाप मारली. म्हटलं, हिला आधी शेडला नेतो, कडा घासून देतो, हाताला लागतील. ती बरं म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

पुढची अमावस्या येईपर्यंत मी वाट बघितली. स्वतःलाच सांगत होतो, की माझ्या कोरड्या हातांना तेल कुठून येणार? त्या सकाळी देवापुढे गेलो. डाव्या हातात वाटी धरली, उजव्याने शेंदूर चढवला, उजवा हात धुतला. मग रंगखोलीत जाऊन एक धुतलेली पट्टी घेतली, डाव्या तळव्याने दाबली, हात उचलला आणि वरून पाणी ओतलं. पाणी पसरत गेलं आणि मधूनच मागे सरलं. पाच बोटं आणि तळवा सोडून, चारी बाजूंनी पळालं. पट्टीवर एक कोरडा पंजा उरला, आणि माझ्यापुढे धरलेला माझा हात वाटीच्या ओघळाने चकचकत होता. वीस वर्षं देवाला लागलेला हात धुतला. वाटी धरलेला हात धुवायचा असतो हे एकदाही सुचलं नाही. दत्तूने अवस ओळखली होती. मी त्याच्या हाताकडे बघितलं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या, माणूस गेला, आता काय. त्यांचंही खरं होतं. मलाही जाऊ देता आलं असतं. वहिनीला पट्टी दिली असती तर ती सुखात राहिली असती. पण तिच्या घरात, दत्तूच्या फोटोशेजारी, रोज माझ्या हाताला हळदकुंकू वाहिलं गेलं असतं. ज्या हाताने तिच्या माणसाचं काम घालवलं त्याला. आणि भावकी दत्तूच्या हाताला गुण नव्हता म्हणत राहिली असती. तो विचार आला की जेवण जाईना.

तरी चार दिवस लावलेच. पाचव्या दिवशी सकाळी ऑफिसात गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. कुठला हात धरतो, कुठला घासतो, वाटी, अवस, पाणी. तिच्यापुढे टेबलावर हात दाबून दाखवला. सरांनी विचारलं तेव्हा मी दत्तूकडे बघितलं होतं, तेही सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बराच वेळ ब्रशचे केस सरळ करत राहिली. मग म्हणाली,

“मंग त्यांचा हात कुटं हाय?”

मी मागच्या टॉवरकडे बघितलं, दत्तूने अख्खा केलेला. दीड वर्ष तेच दिवे, तोच एसी, आणि कुठे रेघसुद्धा नाही. पिशवीत चिकटपट्टी होती. एक तुकडा तोडून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, लावा कुठेही, दाबा, आणि जोरात ओढा. तिने नववा मजला शोधला. बोटाने मोजत गेली. लावला, दाबला, ओढला. मी सांगितलं, उजेडाला धरा. तिने पडदा सारला आणि तुकडा खिडकीशी धरला.

“कायच न्हाई,” ती म्हणाली.

मी म्हटलं, वहिनी, हे असंच लागतं आमच्या धंद्यात. काम चोख असलं की करणाऱ्याचं काही उमटत नाही. उमटतं ते माझ्यासारख्याचं.

तिने तुकडा उलटासुलटा करून पुन्हा पुन्हा बघितला. कोराच होता. “पिठात बी कायच नव्हतं,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तुकडा घडी करून पदराच्या टोकात बांधला, गाठ ओढून घट्ट केली आणि मागच्या टॉवरची धूळ झटकायला लागली. माझ्याशी ती त्या दिवशी पुढे बोलली नाही, आणि नंतरही फारसं नाही. भावकीत मात्र मी जाऊन सांगून आलो, सगळ्यांच्या तोंडावर.

मी निवृत्त झालो त्याला आता तीन वर्षं झाली. ती जुनी पट्टी माझ्या घरी आहे, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. तिच्यावर दिवे नाहीत, एसी नाही. तरी मध्ये साफसफाई करताना ओढून बघितली, तर रंग अजून सुटतोच आहे. तळव्याखाली आता मनगट आलंय. घासताना पट्टीला मनगट टेकत नाही, मी कितीदा उभं राहून बघितलं. मग तिथे तेल कुठून आलं?